आधी गिअरबॉक्स ओळखा, मग रीमॅपचं बोला

‘ऑटोमॅटिक गाडी कसाऱ्याच्या घाटात दमते? गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर रीमॅप करा, मोठा ऑइल कूलर लावा. ऑइल लाइफटाइम असतं, त्याला हात लावू नका. कुठलीही ऑटोमॅटिक असो, पिकअप वाढेल आणि गिअरबॉक्स दुप्पट टिकेल.’ हा मेसेज नाशिकच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सारखा फिरतोय. तो वाचून लोक हजारो रुपये खर्चायला निघतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. (रीमॅप म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलणं.)

‘कुठलीही ऑटोमॅटिक असो.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. आपल्याकडे तो २०१४ मध्ये सेलेरिओतून आला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) नाही, कूलरकडे फिरवावं असं एटीएफ (ऑटोमॅटिकचं खास ऑइल) पण नाही. चढावर रेंगाळताना तापतो तो त्याचा कोरडा क्लच, आणि त्याला ऑइल कूलरचा काडीचा उपयोग नाही. सीव्हीटीत (यात ठरावीक गिअर नसतात) स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये दाबून धरलेला असतो. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो आणि पुली खरवडली जाते. ड्युअल क्लचमध्येही (यात दोन क्लच आळीपाळीने काम करतात) कोरडा वेगळा, ओला म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त टॉर्क कन्व्हर्टरची गाडी होती, हे उघड आहे.

‘रीमॅपने पिकअप वाढेल.’ गिअरबॉक्स ताकद निर्माण करत नाही, ती इंजिनाची. ट्रान्समिशनच्या रीमॅपने गिअर कधी बदलायचा आणि क्लचवर किती दाब द्यायचा, हे बदलतं. गाडी चपळ वाटते, हे खरं. दाब वाढला की क्लच कमी घसरतो, हेही खरं. पण तोच झटका शाफ्ट आणि माउंटिंगवर जातो. सोबत इंजिनाचाही रीमॅप केला तर प्रकरण गंभीर होतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआयला येणाऱ्या कोरड्या क्लचच्या सात गिअरी डीएसजीची (त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची) मर्यादा २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे. इंजिन कंपनीतून येतं तेव्हाच २५० देतं. वाढवायला जागाच कुठे उरली?

‘मोठा कूलर लावा.’ टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीपुरतं यात तथ्य आहे. मुंबईहून परतताना कसाऱ्याच्या चढावर ट्रकांमागे रांगत असाल, तर कन्व्हर्टर लॉक होत नाही (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत), आत ऑइल घुसळत राहतं आणि उष्णता साठते. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवा. याला पैसे पडत नाहीत. (समृद्धीवरून इगतपुरीच्या बोगद्यातून आलात तर हा घाट लागतच नाही.) कूलर घेण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून चढावर ऑइलचं तापमान वाचा. ते १२० अंशांच्या वर टिकून राहत असेल, तरच कूलरचा विचार करा. त्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे साफ करून पुन्हा मोजा. कूलर घेतलाच, तर थर्मोस्टॅट असलेला, म्हणजे ऑइल गार असताना ते कूलरकडे न जाऊ देणारा घ्या. निफाडकडची जानेवारीतली पहाट आठवा. ऑइल गरजेपेक्षा गार राहिलं तरी गिअर नीट पडत नाहीत.

‘ऑइल लाइफटाइम असतं.’ गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. घाटात आणि द्वारका चौकाच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीने यातली कमी किलोमीटरची मर्यादा धरावी. खालचा नट उघडून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. आणि पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच तपासायची असते. थंड गाडीत अंदाजाने ओतणाऱ्या गॅरेजला ‘नको’ म्हणा.

‘दुप्पट टिकेल’ याला मेसेजमध्ये एकही आधार दिलेला नाही.

खर्च करायचाच असेल तर आधी योग्य ऑइल आणि फिल्टर, मग तापमानाची मोजणी, लागला तर कूलर. रीमॅप सगळ्यात शेवटी, आणि वॉरंटी संपल्यावरच. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये बदल दिसला तर कंपनी दावा नाकारू शकते. आणि पैसे देण्याआधी ट्यूनरला विचारा: माझ्या गिअरबॉक्सचा कोड काय, आणि तो किती टॉर्क झेलतो? उत्तर आलं नाही तर गाडी घेऊन परत या.