ते जगाचे मत नव्हते, सरकारांचे होते

लघुलहरींवरील (शॉर्टवेव्ह) परदेशी रेडिओ केंद्रांमुळे आपल्याला ‘जगाचे मत’ कळत असे, हे त्या केंद्रांविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. कळत असे ती त्या त्या सरकारची बाजू. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ अमेरिकी सरकारच्या पैशावर चाले आणि ‘रेडिओ मॉस्को’ सोव्हिएत सरकारच्या. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा ठाण्यात नौपाड्यातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात वडील रात्री खरखरीतून काटा फिरवत ही दोन्ही केंद्रे पाठोपाठ ऐकत, आणि जे एका ठिकाणी आक्रमण ठरे तेच दुसऱ्या ठिकाणी अफगाण सरकारने मागितलेली मदत ठरे. मी तेव्हा शाळेत होतो. एकाच घटनेला दोन नावे असू शकतात, हे मला तिथे प्रथम उमगले.

बीबीसीच्या विश्वासार्हतेबद्दल लेखकाने लिहिलेले मात्र रास्त आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूचे वृत्त आकाशवाणीने संध्याकाळी दिले, त्याच्या काही तास आधीच बीबीसीने ते सांगितले होते. म्हणूनच ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण बंद झाले, त्याची लेखात एका ओळीत केलेली बोळवण मला फार खटकली.