आधी तारीख बघा

गेल्या शनिवारी आमच्या अंगणात बार्बेक्यू होतं. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून इकडे मिशिगनला बदली होऊन आलेला एक मित्र बायको-मुलांसह आला होता. वाटेत एका पार्टी स्टोअरला थांबून त्याने सहा बाटल्या आणल्या. (आमच्याकडे दारूच्या दुकानाला पार्टी स्टोअर म्हणतात.) अमेरिकन क्राफ्ट आयपीए, म्हणजे छोट्या कारखान्यात केलेली 'इंडिया पेल एल' प्रकारची कडवट, सुगंधी बिअर. अमेरिकेत गेलास की ही पिऊन बघ, असं त्याला पुण्यात कुणीतरी सांगितलेलं. त्याने एक घोट घेतला, चेहरा कसनुसा झाला आणि म्हणाला, "अरे, यापेक्षा कारल्याचा रस परवडला. लोक एवढे कशाला मागे लागलेत याच्या?"

मी बाटली हातात घेऊन तारीख शोधली. भरून साडेसात महिने झाले होते. खोकं दुकानात कुठे होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, दर्शनी काचेला लावून रचलेलं होतं, सवलतीत मिळालं.

मला मनापासून वाईट वाटलं. आयुष्यातला आयपीएचा पहिला घोट, आणि तो असा जीव गेलेल्या बिअरचा. आता तो पुढची दहा वर्षं सांगत राहणार की आयपीए म्हणजे नुसता कडूपणा. यात त्याची काही चूक नाही. इथल्या किती मराठी मित्रांचं असंच झालेलं मी पाहिलंय. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मेथीची जुडी घेताना आपण काय करतो? पानं बघतो, देठ बघतो, नाकाशी नेतो. कालची असेल तर भाजीवाल्या मावशींना तोंडावर सांगतो. बिअरची बाटली मात्र टिकाऊ माल समजून उचलतो. साध्या लागर बिअरला ते थोडंफार चालून जातं, काळ्या, दाट स्टाउट बिअरला तर बऱ्यापैकी चालतं. हॉप्सने, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलाच्या फुलांनी, ओतप्रोत भरलेल्या अमेरिकन आयपीएला अजिबात चालत नाही. ती मेथीच्या जुडीसारखीच घ्यायची असते.

गंमत अशी की 'इंडिया पेल एल' हे नाव ज्या बिअरचं होतं, ती नेमकी उलट स्वभावाची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच नांगर टाकत, आणि त्यांचे कप्तान त्याच्याकडून पिंपं उधारीवर उचलत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कलकत्ता, मद्रास, मुंबई गाठायला चार ते सहा महिने लागत. त्या प्रवासात लाकडी पिंपातली कडक पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, मुरत असे. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण तशी बिअर इंग्लंडात आधीपासून होती. काळी पोर्टर बिअरही जहाजांतून येत होती आणि गोरे शिपाई तीच पीत होते. पुढे १८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ब्रुअऱ्या या धंद्यात उतरल्या. तिथल्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा धारदार आणि स्वच्छ उतरायचा.

म्हणजे ती बिअर लोणच्यासारखी, मुरण्यासाठी केलेली. अमेरिकेने नाव तेच ठेवलं आणि बिअर कोशिंबिरीसारखी केली. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. इतिहासाची गोष्ट ऐकलेली माणसं म्हणतात, "अहो, जी बिअर सहा महिने समुद्रात टिकली ती दुकानात टिकणार नाही का?" पण आज बाटलीत असते ती ती बिअर नव्हेच.

अमेरिकन वळण आलं ते वासातून. १९७२ साली ओरेगनमधून कॅस्केड नावाचं हॉप्सचं वाण बाहेर आलं. युरोपातली हॉप्स मंद फुलांच्या, मसाल्याच्या, गवताच्या वासाची. याला पपनसाच्या सालीचा खणखणीत वास. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली कॅस्केड वापरून लिबर्टी एल काढली. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करणं कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या सुमाराला एवढ्या मोठ्या देशात ब्रुअऱ्या शंभराच्या आत उरल्या होत्या. १९८० साली कॅलिफोर्नियात चिको गावी सिएरा नेवाडा सुरू झाली. आणि आमच्या मिशिगनात, कॅलमझू गावात, लॅरी बेल नावाच्या माणसाने घरगुती ब्रुइंगच्या सामानाचं दुकान टाकलं आणि १९८५ साली पंधरा गॅलनच्या सूपच्या पातेल्यात बिअर शिजवून विकायला सुरुवात केली.

त्याच बेल्सची टू हार्टेड ही माझी घरची आयपीए. मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पातल्या टू हार्टेड नदीवरून नाव, लेबलवर ट्राउट मासा. अल्कोहोल ७ टक्के, हॉप्स फक्त एकाच वाणाची, सेंटेनियल. २०२१ साली कंपनी मोठ्या परदेशी उद्योगाकडे गेली, तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो, पण माझ्या जिभेला तरी बिअर तीच लागते. ज्याला आयपीए शिकायची आहे त्याला मी हीच देतो. पाच-सहा वाणांची खिचडी असली की नवख्या माणसाला काय कशाचं आहे ते कळत नाही. इथे एकच आवाज असतो.

कडवटपणा आणि सुगंध एकाच फुलातून येतात, पण त्यांचे रस्ते वेगळे. आपल्या स्वयंपाकघरातून बघितलं तर लगेच कळतं. फोडणीतला कढीपत्ता आणि शेवटी भुरभुरलेली कोथिंबीर. सातूला मोड आणून वाळवला की माल्ट होतो. त्या माल्टच्या गोड काढ्यात हॉप्स तासभर उकळली की त्यातली अल्फा आम्लं बदलतात आणि कडवटपणा उतरतो. पण उकळताना सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉप्स अगदी शेवटच्या काही मिनिटांत घालायची, आणि पुन्हा आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये तशीच कोरडी सोडायची. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. अमेरिकन आयपीएचा जीव या शेवटच्या मुठीत आहे. आणि नेमकी हीच मूठ आधी उडून जाते. ऑक्सिजन, ऊब आणि दिवस, तिघं मिळून तिला खातात. सुगंध गेला तरी कडवटपणा मागे रेंगाळतो. माझ्या मित्राने चाखला तो हाच, नुसता सांगाडा.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी थंडीत आमच्या बेसमेंटच्या कपाटात मागे सरकून राहिलेल्या दोन टू हार्टेड सापडल्या. सात महिन्यांच्या. त्याच दिवशी मी तीन आठवड्यांची ताजी आणली होती. बायकोला म्हटलं, दोन सारख्या ग्लासांत ओत आणि तळाला खूण कर. ती बिअर पीत नाही, पण तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. तिने दोन्ही ग्लास माझ्याही आधी हुंगले.

पहिल्या ग्लासवर नाक नेलं आणि म्हणाली, "अरे, संत्रं सोलतंय कोणीतरी." दुसऱ्यावर थांबली, परत हुंगलं. "यात पावसात भिजलेलं खोकं आहे. पुठ्ठ्याचं. आणि वरून मध ओतलाय."

मी घोट घेण्याआधीच निकाल लागला होता. ताज्या ग्लासात रंग तांबूस सोन्यासारखा, किंचित धूसर, फेस पांढरा आणि घट्ट. ग्लास खाली गेला तसतशी फेसाची वलयं काचेला धरून राहिली. वासात संत्र्याची साल, म्हणजे नखाने दाबल्यावर उडणारा तो तुषार, मागून मोसंबीच्या बहराचा गोडसर वास, आणि तळाशी धुपाच्या राळेसारखं काहीतरी. जिभेवर आधी भाजलेल्या पावाच्या कडेची चव येते, मग कडवटपणा चढतो, मध्यावर उंच होतो आणि नीट उतरतो. गिळल्यावर तोंड कोरडं आणि स्वच्छ. दुसऱ्या ग्लासात फेस तसाच, रंगही जवळपास तसाच, म्हणून तर फसायला होतं. पण संत्रं नाही, बहर नाही. मनुकांची जड गोडी, ओला पुठ्ठा, आणि जिभेच्या मागच्या बाजूला खरवडत बसणारा कडवटपणा. एकच कंपनी, एकच कृती, एकच वाण. फरक फक्त काही महिन्यांचा आणि कपाटातल्या उबेचा.

कडवटपणा कसा ओळखायचा ते आपल्या माणसाला शिकवायला नको. चांगल्या कारल्याच्या भाजीचा कडूपणा आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा यातला फरक आपल्याकडे पोरालाही कळतो. एक पुढचा घास मागतो, दुसरा घसा धरून बसतो. आयपीएत हेच बघायचं. किती कडू हा प्रश्न दुय्यम आहे. कडू येतं कसं आणि जातं कसं, हा खरा प्रश्न. म्हणून आयबीयूच्या, म्हणजे कडवटपणा मोजायच्या एककाच्या, आकड्यावर बिअर निवडणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. एक आयबीयू म्हणजे साधारण लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, म्हणजे उकळून बदललेलं तेच कडू अल्फा आम्ल. पण माल्टची गोडी किती, अल्कोहोल किती, पाणी कसं, यावर तोच आकडा एका बिअरमध्ये बोचतो आणि दुसरीत जाणवतही नाही. मध्यंतरी इथे शंभर आयबीयूच्या पाट्या लावण्याची चढाओढ चालली होती. त्याने आयपीएचं नुकसानच झालं. लोकांना वाटलं, कडू सहन करण्याची ही स्पर्धा आहे.

बीजेसीपी नावाची परीक्षकांची संस्था आहे, त्यांची गुणपत्रिका पन्नास गुणांची. वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. अमेरिकन आयपीएसाठी त्यांची चौकट अल्कोहोल ५.५ ते ७.५ टक्के आणि आयबीयू ४० ते ७० अशी आहे. घरी चाखताना मी ढोबळमानाने हाच क्रम धरतो, फक्त वासाला चवीइतकंच वजन देतो. ज्या आयपीएला नाक लावल्यावर डोळे मिटावेसे वाटत नाहीत, तिची जीभ मला पटवू शकत नाही.

आणि कृपा करून बर्फात गोठवलेला ग्लास वापरू नका. आपल्याला चिल्ड बिअरची सवय, ती इथे आड येते. गारठ्यात वास बाहेरच येत नाही. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबा, साधारण ८-१० अंश सेल्सिअसवर येऊ द्या, साबणाचा अंश नसलेल्या स्वच्छ ग्लासात ओता. बाटली तोंडाला लावली तर नाक बाहेरच राहतं. पारदर्शक किंवा हिरवी बाटली उन्हात ठेवलेली दिसली तर तिच्या वाटेलाच जाऊ नका. उजेडाने हॉप्सच्या कडू द्रव्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि स्कंक या प्राण्याचा वास मारायला लागतो. तपकिरी काच बरंच वाचवते, डबा सगळंच. शिवाय ही ७ टक्क्यांची बिअर आहे, गाडी चालवायची असेल तर हातच लावू नका.

हल्लीच्या गढूळ, रसासारख्या हेझी आयपीएबद्दल बरेच जण विचारतात. चांगल्या असतात, मीही पितो, पण त्या तर आणखी लवकर उतरतात. तिथे तारीख दुप्पट महत्त्वाची.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कुंपणाला मी सेंटेनियलचा एक वेल लावलाय. गेल्या वर्षी सप्टेंबरात अण्णा आले होते. आमची निफाडला द्राक्षबाग, अण्णांची हयात त्यात गेली. गळ्यात माळ, दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. वेल बघून आधी म्हणाले, "याला मंडप नाही का करत?" मी सांगितलं, शेतात पंधरा-अठरा फूट उंच तारांवर दोऱ्या सोडून चढवतात, आणि थंडीत सगळा वेल जमिनीलगत मरून वसंतात पुन्हा नवा फुटतो. "म्हणजे छाटणीचा प्रश्नच मिटला," म्हणाले.

मग मी एक बोंड तोडून त्यांच्या हातात दिलं. हिरवं, कागदासारखं हलकं, चिमुकल्या देवदाराच्या फळासारखं. अण्णांनी ते दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, जसं द्राक्षाचं पान चोळून बघतात तसं. पाकळ्या सुटल्या आणि आतली पिवळी भुकटी तळव्याला चिकटली. हळदीसारखी, पण तेलकट. हात नाकाशी नेला आणि बराच वेळ खाली आणलाच नाही. "संत्र्याचा बाग," एवढंच म्हणाले. मग बागायतदाराचा प्रश्न आला, "तोडल्यावर किती वेळ राहतो हा वास?"

मी म्हटलं, वाळवून, दाबून, हवाबंद करून गारठ्यात ठेवला तर बरेच महिने. उघडा ठेवला तर थोड्याच दिवसांत चीजसारखा आंबूस वास यायला लागतो.

"मग आमच्यासारखंच झालं," अण्णा म्हणाले. "माल काढला की लगेच प्रीकूलिंगला. तिथे उशीर झाला तर पुढे कितीही भारी पेटी लावा, दाणा बोलतोच." संध्याकाळपर्यंत त्यांनी हात साबणाने धुतले नव्हते.

त्या शनिवारच्या मित्राला येत्या शुक्रवारी परत बोलावलंय. त्याच्या बाटल्या मी ओतून टाकल्या. काल ऑफिसहून येताना तीन दुकानं फिरलो, दोन ठिकाणची टू हार्टेड चार महिन्यांची निघाली. तिसऱ्या दुकानात माणूस नुकतंच खोकं उघडून फ्रीजमध्ये बाटल्या लावत होता. अकरा दिवसांपूर्वीची तारीख. सहा घेतल्या, फ्रीजमध्ये सगळ्यात मागे ठेवल्यात, आणि शुक्रवारपर्यंत मीही त्यांना हात लावणार नाही.