माई, ताई आणि हॉटेलातला पाऊस

सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे गेलो असताना तिने ‘संध्याकाळी माई ताई प्यायला जाऊ’ असे जाहीर केले, तेव्हा आईने गोंधळून ‘कुठल्या माई आणि ताई कोण?’ असे विचारले. माई ताई हे रमचे कॉकटेल आहे. नाव ताहितीच्या भाषेतले असले, तरी पेय कॅलिफोर्नियातले. ओकलंडच्या ‘ट्रेडर व्हिक्स’ या रेस्टॉरंटचे मालक व्हिक्टर बर्जेरॉन यांनी १९४४ मध्ये ते आपणच तयार केल्याचा दावा केला होता.

आम्ही गेलो तो फेअरमाँट हॉटेलातला ‘टोंगा रूम’ हा बार १९४५ पासून चालू आहे. तिथे आधी हॉटेलचा पोहण्याचा तलाव होता. तो न बुजवता भोवती गवती छपरांखाली टेबले मांडली आहेत, वादक तरंगत्या तराफ्यावर बसतात, आणि अधूनमधून गडगडाट होऊन छतातून तलावात खरेखुरे पाणी कोसळते. कोकणातला जुलै पाहिलेल्यांना या पावसाचे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते, तरी पहिल्या गडगडाटाला आईने सवयीने पर्स उचलून पदराखाली घेतली.

माई ताईत रम, लिंबाचा रस आणि संत्र्याच्या लिक्युअरबरोबर बदामाचे सरबत असते. आईने ग्लास नुसता हुंगून ‘यात थंडाई आहे’ असे निदान केले, आणि ते फारसे चुकले नव्हते. बरोबर पूपू, म्हणजे हवाईच्या भाषेत पेयासोबतचे खाणे, मागवले. टिकी बारमधल्या, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थीमवर सजवलेल्या अशा बारमधल्या, पूपूत हमखास असणारे ‘क्रॅब रंगून’ म्हणजे खेकडा आणि क्रीम चीज भरून तळलेली पुडी. त्यात रंगूनचे काय आहे, ते मला खाऊनही कळले नाही.

रम कॅरिबियन बेटांची, खाणे चिनी वळणाचे आणि ही सगळी कल्पना अमेरिकेतली दारूबंदी उठल्याच्या सुमारास, १९३३ मध्ये, हॉलिवुडमध्ये डॉन बीच या बारमालकांनी रुजवलेली; तेव्हा पॉलिनेशिया, म्हणजे ताहिती-हवाईसारखी पॅसिफिक बेटे, इथे नेपथ्यापुरताच आहे. नाटक म्हणून पाहिले, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती टिकी मगबद्दल. माओरी परंपरेत टिकी हा पहिला पुरुष मानला जातो, आणि पॉलिनेशियातल्याच मार्केसास बेटांवर देवांच्या व पूर्वजांच्या कोरीव मूर्तींना टिकी म्हणतात. अशी मूर्ती पोकळ करून तिच्या डोक्यात स्ट्रॉ खोचणे ही या बारांची जगभरातली ओळख झाली आहे. एखाद्या परदेशी बारने उद्या गणपतीच्या आकाराचा मग काढून त्यातून रम दिली, तर ‘थीम आहे’ म्हणून आपल्यापैकी किती जण हसून सोडून देतील? मार्केसासच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, एवढाच काय तो फरक.

माई ताईची मूळ मांडणी मला म्हणूनच आवडते: साधा काचेचा ग्लास, बर्फाचा चुरा, पिळलेल्या लिंबाची अर्धी साल आणि पुदिन्याची काडी. पुढच्या वेळीही मी तीच मागवणार आहे. आईला मात्र तीच बिनरमची आणि बदामाचे सरबत दुप्पट घातलेली हवी आहे.