रंग बदललात, ठीक. पुढे काय केलंत?

गाजलेल्या सिनेमाचा रिमेक जाहीर होतो, त्यातलं गोरं पात्र कृष्णवर्णीय नटी करणार असं कळतं आणि तासाभरात दोन तट पडतात. एकीकडे 'आमच्या बालपणाची वाट लावली'वाले, दुसरीकडे 'नाक मुरडलंत म्हणजे तुम्ही वंशद्वेषी'वाले. सिनेमा अजून कुणीच पाहिलेला नसतो. या भांडणात मी दोन्हीकडून बोलणी खाते, कारण माझी तक्रार तिसरीच आहे. रंग खुशाल बदला. पण रंग बदलून पटकथेला हातच लावत नाहीत, त्याने माझं डोकं फिरतं.

'द लिटल मर्मेड'चंच घ्या. 2019 मध्ये डिस्नेच्या रिमेकमधल्या एरियल या जलपरीसाठी कृष्णवर्णीय हॅली बेलीचं नाव जाहीर झालं आणि 'ही माझी एरियल नाही' असा हॅशटॅग फिरायला लागला. एरियल म्हणजे लाल केस आणि गोरी कांती, मूळचं बदलायचं नाही, हा हट्ट. बरं, मूळचं म्हणजे कुठलं? ते लाल केस डिस्नेच्याच 1989 च्या कार्टूनमधले. 1984 च्या 'स्प्लॅश'मध्ये सोनेरी केसांची जलपरी येऊन गेली होती, तिच्याहून ही वेगळी दिसावी आणि हिरव्या शेपटीवर केस उठून दिसावेत, म्हणून ते लाल झाले. अँडरसनच्या 1837 च्या मूळ कथेत तिची कांती गुलाबाच्या पाकळीसारखी आणि डोळे निळे आहेत, हे मान्य. पण त्याच कथेत चेटकीण तिची जीभ कापून घेते. पाय मिळाल्यावर प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखं दुखतं. राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि हिच्या देहाचा समुद्रात फेस होतो. डिस्नेने हे सगळं पुसून लग्न लावून दिलं, वर एक गाणारा खेकडा दिला (तो मला आवडतो, ते असो), तेव्हा कथा बुडाली म्हणून कुणी गळा काढल्याचं मला आठवत नाही. शेवट उलटा केलेला चालतो, कांती मात्र तीच हवी.

तेव्हा हॅली बेलीच्या निवडीत मला खोट दिसत नाही. गाते तर काय सुंदर! आणि ट्रेलर बघताना 'ही माझ्यासारखी आहे' म्हणून डोळे विस्फारणाऱ्या लहान मुलींचे व्हिडिओ बघूनही ज्याला काही वाटलं नाही, त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

पण 2023 चा तो सिनेमा बघा. 83 मिनिटांची गोष्ट 135 मिनिटांची झालीय. बेट कॅरिबियन केलंय. राणी कृष्णवर्णीय, तिने राजपुत्र एरिकला दत्तक घेतलेलं. बंदरात शिडाची जहाजं, बाजारात सगळ्या वर्णांची माणसं गुण्यागोविंदाने नांदताहेत. त्या काळात कॅरिबियन बेटांवर आफ्रिकी वंशाची माणसं कशी पोचली, कुठल्या जहाजांतून, कशा अवस्थेत, याचा सिनेमाभर उच्चार नाही. मुलांच्या सिनेमात गुलामगिरी कशाला, असं म्हणाल. ठीक आहे, मग बेट कॅरिबियन कशाला केलंत? आणि हातात केवढं मोठं घबाड होतं बघा. एरियलचा बाप माणसांचा द्वेष करतो. समुद्राचा राजा आहे तो. गुलामांच्या जहाजांवरून जिवंत आणि मेलेली माणसं अटलांटिकमध्ये फेकली जात, ती त्याच्याच राज्यात खाली यायची. त्याच्या रागाला याहून खरं कारण कुठलं सापडणार होतं? मुलांना झेपेल अशा दोन ओळींत सांगता आलं असतं. तेवढ्यासाठी त्या भूमिकेचा आणि त्या मुलीच्या रंगाचा विचार एकदम करावा लागला असता. तो कुणी केला नाही. पोस्टर बदललं, काम झालं.

याउलट 1997 ची टीव्हीवरची 'सिंड्रेला'. सिंड्रेला ब्रँडी, परी व्हिटनी ह्यूस्टन. राणी व्हूपी गोल्डबर्ग, राजा गोरा व्हिक्टर गार्बर आणि या दोघांचा मुलगा फिलिपिनो वंशाचा पाओलो मोंटलबान! कुणी खुलासा देत नाही आणि बघणाऱ्यालाही तो मागावासा वाटत नाही, कारण ते राज्य कुठल्याच नकाशावर नाही. रंगमंचावर म्हातारा टोप घालून तरुण होतो, ते आपण मान्य करतोच ना, तसंच हे. एकतर असं पूर्ण अधांतरी राहा, नाहीतर जमिनीवर उतरलात तर त्या जमिनीचा इतिहास अंगावर घ्या. मधलं काही मला बघवत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: 'गोऱ्याने दुसऱ्या वंशाचं पात्र केलं तर चालेल का?' हे असं विचारतात, जणू ते कधी घडलंच नाही. 1937 च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकरी नवरा-बायको पॉल मुनी आणि लुईझे रायनर यांनी केले. रायनरला ऑस्कर मिळालं. ती भूमिका चिनी वंशाच्या ॲना मे वाँग या नटीला हवी होती. पण नवरा गोरा नट करणार म्हटल्यावर तिचा प्रश्नच उरला नाही, कारण मिश्र जोडपं तेव्हाच्या हॉलिवूडला चालत नव्हतं. तिला देऊ केली खलप्रवृत्तीच्या नाचणारीची भूमिका. तिने ती नाकारली. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर 1984 च्या 'अ पॅसेज टू इंडिया'मधले प्रोफेसर गोडबोले. होय, गोडबोले. चेहऱ्याला तपकिरी रंग फासून ती भूमिका केली इंग्रज ॲलेक गिनेसने. नट थोरच, पण ते ध्यान बघताना मला हसावं की रडावं कळत नाही. दोन्ही बाजूंचं पारडं सारखं नाही, ते यामुळे. गोऱ्या नटांकडे स्वतःच्या भूमिका होत्याच, वर इतरांच्याही होत्या.

हीथक्लिफबद्दल तर कित्येक वर्षं कुणी भांडलंच नाही. 1847 च्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीचा हा नायक काळासावळा आहे, लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला आहे, एक जण तर त्याला हिंदी खलाशाचं पोर म्हणतो. त्याचा सगळा अपमान त्या रूपाला चिकटलेला आहे. तरी 1939 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए, 1992 मध्ये राल्फ फाइन्स, दोघेही गोरे. कृष्णवर्णीय हीथक्लिफ मोठ्या पडद्यावर यायला 2011 उजाडलं. मूळप्रेमी मंडळी तेव्हा कुठे होती?

स्टुडिओंचा हिशेब मात्र सरळ आहे. नवं पात्र रुजवायला वेळ लागतो, जुन्या नावावर तिकीट आधीच विकलं जातं. आणि सिनेमा बेतास बात निघाला तर टीका करणाऱ्याला वंशद्वेषी ठरवता येतं, ही सोय आहेच. त्या शिव्या खायला पुढे उभी असते ती विशीतली नटी, स्टुडिओचे साहेब नव्हेत. 2011 मध्ये कॉमिक्सवाल्यांनी पीटर पार्करला, म्हणजे जुन्या स्पायडरमॅनला, रंगवत बसण्यापेक्षा माइल्स मोरालेस हा नवा पोरगा उभा केला, ब्रुकलिनचा, कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तो रिकन आई असलेला. त्याच्यावरच्या 2018 च्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं. जमतं, म्हणजे.

मला सर्वांत जास्त पटलेलं उदाहरण भुताखेतांच्या सिनेमातलं आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968. पटकथेत बेन या नायकाचा वंश लिहिलेलाच नव्हता. चाचणीत ड्वेन जोन्स सर्वांत चांगला ठरला, तो कृष्णवर्णीय होता, म्हणून बेन कृष्णवर्णीय झाला. बेन मूळचा रांगडा ट्रक ड्रायव्हर. जोन्सने त्याची भाषा बदलून घेतली, शांत आणि सुशिक्षित माणूस उभा केला. रात्रभर उठून चालणाऱ्या प्रेतांशी झुंजून तो एकटा वाचतो. सकाळी बंदुका घेतलेले गोरे लोक येतात, खिडकीत हालचाल दिसते, आणि त्याला प्रेत समजून कपाळात गोळी घालतात. मग स्थिरचित्रांत दिसतं की मांसाचे आकडे घेऊन ते लोक त्याला ओढून नेताहेत आणि चितेवर टाकताहेत. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली होती, ऑक्टोबरमध्ये हे पडद्यावर आलं. शेवट आधीपासून तोच होता, पण एका नटामुळे त्याचा अर्थ भलतीकडे गेला. 1990 मध्ये रिमेक आला तेव्हा बेनसाठी टोनी टॉडला घेतलं, तोही कृष्णवर्णीय. बेन गोरा असू शकतो हे तोवर कुणाच्या मनातही येणार नव्हतं.

वितरकाने सिनेमाचं नाव बदलताना कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली, त्यामुळे 1968 चा सिनेमा इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर बघता येतो. घाबरट असाल तर नुसती शेवटची दहा मिनिटं बघा. मग भांडायला या, मी आहे इथेच.