दमणला काहीच नाही, हे ठामपणे कसं सांगावं

दमणला जाऊन आल्यावर ‘तिथं बघण्यासारखं काही नाही’ असं चारचौघांत ठणकावून सांगता आलं पाहिजे. वाटतं तितकं हे सोपं नाही. ७२ चौरस किलोमीटरच्या त्या तुकड्यात दोन किल्ले, चारशे वर्षांची चर्चेस, एक नदी, एक बंदर आणि घरात वेगळीच बोली बोलणारी माणसं दाटीवाटीनं राहतात. बेसावधपणे फिरलात तर यातलं काहीतरी नजरेस पडायचंच, आणि मग सगळा वीकेंड वाया. तेव्हा थोडी तयारी करूनच निघा.

मत घरूनच न्यावं. तिथं जाऊन मत बनवायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेला असतो. घरून नेलेलं मत मनोर येईपर्यंत मुरतं, चारोटीला चहा घेताना सोबतच्यांना ऐकवता येतं: “काही म्हण, गोवा तो गोवा.” दमणची तुलना गोव्याशीच करायची, दुसऱ्या कशाशी करायची नाही. इतिहासानं ही सोय आधीच करून ठेवली आहे. पोर्तुगीज गेल्यावर गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. ३० मे १९८७ ला गोवा राज्य होऊन वेगळा झाला, दमण आणि दीव दिल्लीकडेच राहिले, आणि २६ जानेवारी २०२० पासून त्यांना दादरा-नगर हवेलीशी एकत्र बांधलं आहे. म्हणजे कागदोपत्री गोवा तिथून कधीच गेला. तुम्ही मात्र त्याला तिथं शोधत राहायचं आणि सापडला नाही म्हणून दमणवर रागवायचं.

वापीहून आत शिरलात की दाभेलचे कारखाने लागतात. इथं गाडीच्या काचा वर कराव्यात. करसवलतींच्या काळात हे कारखाने आले, त्यांच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार आले, आणि येताना बहुतेक जण एकटेच आले. २०११ च्या जनगणनेत दमण जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ५३४ स्त्रिया निघाल्या, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. रस्त्यावर बायका फार दिसत नाहीत हे तुमच्याही लक्षात येईलच. पण कारणात शिरू नये. ‘माहोल काही फॅमिलीचा वाटत नाही बुवा’ एवढं वाक्य पुरतं. आपण स्वतः सहा पुरुष एका गाडीतून फॅमिली घरी ठेवून आलो आहोत, ही गोष्ट त्या वेळी आठवू नये.

समुद्राबद्दल तक्रार तर हवीच. त्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा चुकूनही बघून निघू नका. ऐन ओहोटीला देवकाला पोहोचलात की समुद्र पार लांब गेलेला असतो आणि समोर खडक, चिखल आणि डबकी. खंबातच्या आखाताजवळचा हा किनारा. इथं भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा बराच मोठा, आणि नर्मदा, तापी, मही यांनी आणलेला गाळ त्या आखातात सतत ढवळत असतो. पाणी मातकट दिसतं ते त्यामुळे. ही माहिती कुणी स्थानिक सांगू लागला तर मान डोलवावी आणि म्हणावं, “पण साफ ठेवायला काय होतं?”

देवकाचा किनारा खडकाळ आहे, पोहण्याच्या कामाचा नाही. तेव्हा पोहायला तोच निवडावा. जांपोरला सुरूची झाडं आहेत, पुळण बरी आहे, मुलांना उंटावर बसवता येतं. पण ते मोटी दमणला, नदीपलीकडे, आणि नदी ओलांडायची म्हणजे पुन्हा गाडी काढणं आलं. एप्रिल २०२३ मध्ये देवकाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबीचा समुद्रमार्ग खुला झाला, फिरायला प्रशस्त. आधी घाण आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची त्यानं थोडी पंचाईत केली, नाही असं नाही. पण अनुभवी मंडळींनी तोडही लगेच काढली: “आता पूर्वीचं दमण राहिलं नाही.” पूर्वीचं दमण म्हणजे नेमकं कोणतं, हे विचारणारा सहसा कुणी भेटत नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ. तुम्ही कशासाठी आला आहात हे सगळ्यांना माहीत असलं तरी ‘जरा हवापालट’ असंच म्हणावं. आणि बाटली उघडल्यावर दुसऱ्या पेगाच्या सुमारास गावाबद्दलचा निकाल द्यावा, की हे गाव म्हणजे निव्वळ दारूवर जगणारं. हा निकाल देताना वाइन शॉपसमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचू नयेत. तिथं जीजे-१५ असते, जीजे-०५ असते, मधूनच आपली एमएच-०४ असते. दमणची डीडी-०३ शोधावी लागते. पिणारा पाहुणा असतो आणि दारुडा मात्र यजमान ठरतो, आणि हा हिशेब कुणालाही खटकत नाही, हेच या सहलीचं खरं यश.

खरं तर १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९६० च्या वाटणीत दोन्ही भावांकडे आला. धाकट्या गुजरातनं तो पाळायचं ठरवलं, थोरल्या महाराष्ट्रानं परवान्याच्या कागदापुरता ठेवला. दमणला यातलं कुणीच काही विचारलं नव्हतं; तिथं तेव्हा पोर्तुगीज होते. शेजाऱ्यानं बंदी घातली, तशी कुंपणाच्या या बाजूला दुकानं लागली. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत, म्हणजे बँका-कंपन्यांच्या वसाहतीत, पिण्याला सवलत मिळाली. तिथं कोट घालून पितात, तेव्हा त्याला ‘वाइन अँड डाइन’ म्हणतात. दमणला त्यालाच ‘बसणं’ म्हणतात, आणि ते नैतिक ऱ्हासाचं लक्षण असतं.

बदनामीची ही परंपराही जुनी आहे, तुम्ही काही पहिले नाही. १८२०-३० च्या दशकांत माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी चुकवून कराचीमार्गे दमणला यायची आणि इथून चीनला जायची. व्यापारी पैसेवाले, अफू माळव्याची, ओढणारे चिनी, मक्तेदारी इंग्रजांची. चोरटं बंदर म्हणून नाव झालं ते दमणचं. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि दमणचा धंदा बसला. पुढे १९६०-७० च्या दशकांत सोन्यावर निर्बंध असताना दुबईचं सोनं या किनाऱ्यावर उतरू लागलं. ते जात होतं मुंबईच्या बाजारात, तुमच्या-आमच्या लग्नांत, पण स्मगलर कोण, तर दमणवाले. बंदी घालणारा दुसरा, गिऱ्हाईक तिसरीकडचं आणि नाव दमणचं, असा हा पिढीजात क्रम आहे. तो खंडित होऊ न देणं हे पाहुणा म्हणून तुमचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं दुखत असताना, गटातला एखादा वाचणारा माणूस किल्ल्याचं नाव काढतो. असा माणूस प्रत्येक गटात एक असतो. शक्यतो न्यायचाच नाही. नेलाच असेल तर मोटी दमणच्या किल्ल्यात गाडीतूनच एक चक्कर मारावी. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतलं आणि हा कोट बांधायला काढला. दहा बुरूज, दोन दरवाजे, भोवती खंदक. आत सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे ‘आत काय, नुसती ऑफिसं’ असं म्हणून सुटता येतं. बों जेझूस चर्च १६०३ चं. रोझरीच्या लहानशा चॅपेलमध्ये लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेलं असं कोरीवकाम आहे की आत गेलात तर पाच मिनिटं आवाज फुटायचा नाही. म्हणून बाहेरूनच फोटो काढावा, तोही चर्चकडे पाठ करून.

किल्ल्यात बोकाज या पोर्तुगीज कवीचं म्हणून एक घर दाखवतात. ते मात्र जरूर बघा, तो तुमचा सख्खा पूर्वज आहे. १७८९ मध्ये या लष्करी अधिकाऱ्याची दमणला नेमणूक झाली, आणि थोड्याच दिवसांत गृहस्थ नोकरी टाकून पळून गेला. दमणला काही नाही, हे मत इतक्या झटपट आणि इतक्या कृतीनिशी त्याच्याआधी कुणी मांडलं असेल असं वाटत नाही. फरक इतकाच की पुढे तो पोर्तुगालचा मोठा कवी झाला. आपल्यापैकी कुणी तेवढी जोखीम पत्करत नाही.

मराठी माणसासाठी इथं एक खास सापळा आहे, तो ओळखून चुकवावा. डिसेंबर १९६१ मध्ये दमण घेतलं ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीनं, धावपट्टीपासून किल्ल्यापर्यंत लढून. हे कळलं तर छाती फुगते, छाती फुगली की त्या धुळीकडे आदरानं बघावं लागतं, आणि मग ‘भंगार जागा’ हा शब्द तोंडातून सहज निघत नाही. सुदैवानं गोवामुक्ती म्हटलं की आपल्याला गोवाच आठवतो.

स्थानिकांशी बोलणं टाळावं. मोटी दमणमधली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमधून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात; ऐकली तर “कोकणीच आहे ही” असं परस्पर ठरवून टाकावं. बोललातच तर विषय एकच: पासपोर्ट. १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, आणि ब्रेक्झिटपूर्वी त्या जोरावर इथली कितीतरी माणसं इंग्लंडात लेस्टरला गेली, तिथं कारखान्यांत, गोदामांत राबतात. हे ऐकून डोळे मिचकावत म्हणावं, “मजा आहे तुमची!” घरात म्हातारी एकटी आणि व्हिडिओ कॉलवर नातवंडं, ही मजा बघायला तुम्हाला थांबायचं नसतंच.

जेवणात पनीर मागवावं आणि मासे चांगले मिळाले नाहीत म्हणून घरी सांगावं.

राहता राहिला परतीचा प्रवास. दमण तिन्ही बाजूंनी गुजरातच्या वलसाड जिल्ह्यानं वेढलेलं, चौथ्या बाजूला समुद्र. म्हणजे मुंबईकडे यायचं असलं तरी आधी गुजरातची हद्द ओलांडायची, आणि त्या हद्दीत सीलबंद बाटलीसुद्धा गुन्हा. हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी एक जण “आपण काय गुजरातेत थोडीच पिणार आहोत, नुसते जाणार आहोत” असा कायदेशीर मुद्दा काढतो, दुसरा स्टेपनीखाली जागा करतो, आणि तिसरा, जो कालपासून गावाला चोर म्हणत होता, तो टॉवेलात बाटली गुंडाळून देतो.

नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगतील तेव्हा घाबरू नये. हवालदारानं डिकी उघडायला सांगितल्यावर आधी मराठीत, मग हिंदीत, शेवटी हात जोडून, आपण संसारी माणसं आहोत हे पटवावं. नाहीच पटलं तर दंड, वकील, तारीख हे ओघानं येईल, आणि घरी गेल्यावर, ऑफिसात, बिल्डिंगच्या जिन्यात, पुढची निदान दहा वर्षं हीच गोष्ट सांगायची आहे. गुन्ह्याच्या कागदावर ठिकाण गुजरातमधलं असेल, सही तुमची असेल, बाटल्या तुमच्या स्टेपनीखालून निघालेल्या असतील. त्याकडे लक्ष देऊ नये. गोष्टीची सुरुवात ‘दमणला एकदा असे फसलो ना’ इथूनच करायची.