पेन्शनच्या खात्यावर टाच

गेल्या वर्षी पेन्शन जमा झाल्यावर बाबा नेहमीसारखे बँकेत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पासबुकात शिल्लक छापलेली होती, तरी स्लिप परत मिळाली. "काका, खात्यावर होल्ड आहे, कोर्टाची ऑर्डर आलीय," एवढंच काउंटरवरून सांगितलं. मागे रांग होती म्हणून बाबांनी पुढे काही विचारलं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

नोकरीतल्या एका मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. हप्ते थकले, कर्ज देणारी बँक दिवाणी कोर्टात गेली, पैसे भरण्याचा हुकूमनामा झाला, मग वसुलीची दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज. नोटिसा घरी आल्या होत्या. बाबांनी त्या न फोडताच कपाटात कपड्यांखाली ठेवल्या. "कर्ज मी कुठे घेतलंय?" असं त्यांना मनापासून वाटत होतं. कायदा वेगळं सांगतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ते आम्हाला मान्य आहे.

पण पेन्शन? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये पेन्शनवर जप्ती आणता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय, मग ती सरकारची असो, जिल्हा परिषदेची असो की दुसऱ्या कुठल्या मालकाची. सरकारी पेन्शनला तर १८७१ पासून वेगळ्या कायद्याचंही संरक्षण आहे. पेन्शन, ग्रॅच्युइटीच्या पैशाची एफडी केली तरी हे संरक्षण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय. एवढं सगळं असून बाबांचं अख्खं खातं बंद! आदेशात खाते क्रमांक होता, बँकेने तो लॉक केला, संपलं.

माझा राग इथे आहे. त्याच पासबुकात दर महिन्याच्या नोंदीपुढे 'पेन्शन' असं बँकेनेच छापलंय. जप्तीची नोटीस आली की बँकेलाही कोर्टापुढे म्हणणं मांडता येतं. "या खात्यात फक्त पेन्शन येते" हे एक वाक्य बँकेने कळवायला हवं होतं. ते सिद्ध करायचं ओझं शहात्तर वर्षांच्या माणसावर का?

शेवटी वकिलांनी त्याच कोर्टात अर्ज केला. पीपीओची, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाची, प्रत आणि दोन वर्षांचा खातेउतारा जोडला. होल्ड निघाला, पण मधले दोन महिने घर आम्ही भावंडांनी चालवलं आणि बाबा आमच्याशी नीट बोलत नव्हते. पैसे घेताना मान खाली घालायचे, ते मला अजून दिसतं.

वकिलांनी एक गोष्ट बजावली: पेन्शनच्या खात्यात दुसरा पैसा मिसळू नका, नाहीतर पेन्शनची रक्कम कुठली हे दाखवताना नाकी नऊ येतात. त्याप्रमाणे शेतीच्या खंडाचे पैसे आता आईच्या खात्यात जातात. आणि बाबांनी कर्ज देणाऱ्या बँकेशी बोलून तडजोडीचा हप्ता बांधून घेतलाय. तो ते स्वतः जाऊन भरतात. सही माझी होती, म्हणतात.