आठ रात्रींचा कंदील

नमस्कार. ‘रविवारी तीन तास मुलांबरोबर’ या हस्तकलेच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहता, नोकरी मुंबईत फोर्टात, घरात शिरायला रात्रीचे साडेआठ होतात. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. रविवार किराणा आणि नातेवाइकांत जातो. मुलं पाच मिनिटं बसतात आणि मोबाइल मागतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या वडिलांनी कधी हातात कात्री घेतली नाही, आमचं काही अडलं नाही. हे रिकामटेकड्यांचं फॅड आहे.’

तीन तासांबद्दल तुमचं बरोबर आहे, तो सल्ला चुकला. लोकल आणि घोडबंदर रोड दोन्ही काढून आलेल्या माणसाला असं सांगण्यात अर्थ नाही, आणि चार वर्षांचं मूल तेवढा वेळ एका कामात रमणारही नाही. ‘फॅड’ मात्र मला मान्य नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिकवण्याच्या साधनांसाठी शिंपले, बिया, पानं, खडे यांवर भागवलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी ते काम होतं.

म्हणून तीन तास विसरा. रात्री जेवण झाल्यावर २० मिनिटं, अशा आठ रात्री, आणि त्यातून एक आकाशकंदील. दिवाळीच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. मधल्या चार-पाच रात्री बुडणारच, त्या यात धरल्या आहेत.

पारंपरिक कंदिलाला सारख्या मापाच्या २४ काड्या लागतात. त्यांतून ६ चौकोन आणि ८ त्रिकोण होतात. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणा, सगळ्या मिळून साधारण ५ मीटर. खराट्याचे हीर चालणार नाहीत, ते वाकतात.

पहिल्या रात्री काड्या. एक काडी १६ सेंटिमीटरची कापा आणि तीच मापाला ठेवा. दर वेळी नव्याने पट्टी लावली की एखादी काडी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होते आणि चौथ्या रात्री सांगाडा जुळत नाही. कापायचं काम तुमचं. दोन्ही टोकांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर स्केचपेनने खूण करायची आणि पॉलिश पेपरने कूस घालवायची, हे मुलीचं. चार-चार काड्यांना रबर लावून सहा जुड्या करायच्या, हे मुलाचं. तो तीन काड्यांची जुडी करेल, तर करू दे. दुसऱ्या दिवशी बांधायला बसल्यावर काडी कमी पडेल आणि ते त्याचं त्यालाच कळेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री दोन-दोन चौकोन. खुणेवर काड्या आडव्या-उभ्या ठेवून दोरा फुलीसारखा तीनदा फिरवा. गाठीपासून गाठीपर्यंत १५ सेंटिमीटर भरलं पाहिजे. चौथ्या रात्री चारही चौकोन कोनावर उभे करून शेजारच्यांचे कोपरे एकमेकांना बांधा आणि गोल बंद करा. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडा, खालची चार तशीच. सांगाडा अजून पिळेल. वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एकेक काडी बांधली की तो बराच सावरतो. इथे १६ ची काडी पुरत नाही. अंतर २१ च्या थोडं वर भरतं, म्हणून २२ ची कापा. मुलीला आधी १६ ची लावून बघू द्या. ती का पुरत नाही, या प्रश्नावर वीस मिनिटं गेली तर ती रात्र वाया गेली नाही.

पाचव्या रात्री पतंगाचा कागद: १७ सेंटिमीटरचे ४ चौकोन, आणि सांगाड्यावरून आखून भोवती १ सेंटिमीटर जास्तीचे ८ त्रिकोण. वरचा-खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. सहाव्या रात्री खळ करा. २ मोठे चमचे मैदा १ वाटी गार पाण्यात आधी कालवा आणि मगच मंद आचेवर ढवळत शिजवा. उकळत्या पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात. खळ टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. तो विषारी आहे, मुलं असताना नको. उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवली की सातव्या रात्रीला पुरते. सहाव्या रात्री चौकोन चिकटवा, सातव्या रात्री त्रिकोण. खळ कागदाला नाही, काडीला लावायची. कागद ताणू नका. तो ओलसर होऊन सैल पडतो आणि वाळताना आपोआप ताठ होतो. आधीच ताणलेला असेल तर फाटतो. पंखा बंद ठेवा, मुलांची बोटं कोरडी ठेवा, नाहीतर रंग सुटतो.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितला आहे, कमी असेल तर उत्तमच. पण त्या वीस मिनिटांत आधी तुमचा फोन दुसऱ्या खोलीत गेला पाहिजे. मूल पाच मिनिटांत उठतं त्याचं कारण बहुतेक वेळा बाप असतो. तो ‘थांब, मी करतो’ म्हणून दोरा हातातून घेतो, किंवा ‘किती काड्या झाल्या, सांग बघू’ अशी परीक्षा मांडतो. दोन्हीत काम मुलाचं राहत नाही. गाठ सुटून मुलगी चिडली तर ‘सोपं आहे गं’ म्हणू नका, तिला ते अवघड गेलेलं असतं. ‘गाठ सुटली. आता बांधायची की उद्या?’ एवढं पुरे. मुलगा पाच मिनिटांनी उठला तर उठू दे, तुम्ही आणि मुलगी बसून राहा. बऱ्याचदा तो परत येतो. सगळं सामान एका खोक्यात ठेवा, काढायला मिनिटाच्या वर जाऊ नये. आणि मुलं झोपल्यावर वाकडी गाठ गुपचूप सरळ करू नका. सकाळी त्यांना बरोबर कळतं, आणि मग पुढच्या रात्री ती बसत नाहीत.

आठव्या रात्री खाली झिरमिळ्या लावा आणि वरच्या आडव्या काडीला होल्डर बांधा. ५ वॅटचा एलईडी पुरतो. जुना पिवळा बल्ब तापतो, तो कागदाजवळ नको. वायरीचा जोड टेपने झाकलेला आहे ना, ते तुम्ही स्वतः बघा. परतीच्या पावसाची सर आली की कंदील लगेच आत घ्या, पतंगाच्या कागदाचा रंग गॅलरीच्या भिंतीवर उतरतो.